एका रिममध्ये एक्केचाळीस वह्या

दहावीला निरोप द्यायचा तो नववीने, ही आमच्या शाळेची जुनी रीत. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की माझ्या वर्गात कुजबुज सुरू होते आणि मग मॉनिटर येऊन विचारते, "बाई, यंदा ताई-दादांना काय द्यायचं?" बोर्डाची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होते. त्यामुळे समारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत उरकावा लागतो आणि हातात जेमतेम तीन आठवडे राहतात. मुलं चाळीस, पैसे थोडे. या अडचणीतून आम्ही जी वाट काढली ती इथे सविस्तर लिहिते. शाळाच असं नाही, सोसायटीतल्या किंवा क्लासमधल्या मुलांनाही ती चालेल.

सुरुवात पैशांपासून. पूर्वी आम्ही डोई शंभर रुपये वर्गणी काढत असू आणि फळ्याच्या कडेला दिलेल्यांची नावं लिहीत असू. एका वर्षी एक मुलगी सलग तीन दिवस शाळेत आली नाही. तिच्या घरी गेले तर ती अंगणात भांडी घासत होती. मला पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "बाई, सोमवारी आणते." तिला बरं नसेल असं धरून मी गेले होते, आणि तिने मला वर्गणी मागायला आलेली समजलं. त्या दिवसापासून फळ्यावरची नावं बंद झाली. आता टेबलावर झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा आठवडाभर असतो. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने टाकावं, नाही जमलं तर नाही. शनिवारी सगळ्यांसमोर डबा उघडायचा, मोजायचं आणि जमलेल्या रकमेत बसेल तेच करायचं. भेट आधी ठरवून पैसे मागे लागून गोळा करण्यापेक्षा हा क्रम बरा. गेल्या खेपेला डब्यात १,१४० रुपये निघाले. म्हणजे एका मुलामागे साडेअठ्ठावीस.

एवढ्यात काय येतं? पेन येतं, पण परीक्षेच्या तोंडावर प्रत्येकाकडे पेनांचा ढीग असतो. प्लॅस्टिकची ढाल येते, आणि ती शोकेसच्या मागच्या रांगेत जाते. साने गुरुजींचं 'श्यामची आई' मात्र खरोखर स्वस्तात मिळतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून ते कुणालाही छापता येतं आणि अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. भेट म्हणून ते उत्तमच, पण आमच्या निम्म्या मुलांच्या घरी ते आधीच होतं.

आम्ही ठरवली ती हाताने शिवलेली वही. ती का, ते हिशेबातच दिसतं. ए-फोर कागदाच्या एका रिममध्ये ५०० कागद असतात. १२ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की २४ पानं म्हणजे ४८ पृष्ठांची, हातात छान मावणारी वही होते. ५००ला १२ने भागलं की ४१ वह्या होतात आणि ८ कागद उरतात. ७५ जीएसएमचा रिम आम्हाला तीनशेच्या आसपास पडला. मुखपृष्ठासाठी कार्डशीट घेतलं. २२ बाय २८ इंचांच्या मोठ्या शीटमधून ३१ बाय २२ सेंटिमीटरचे चार तुकडे निघतात, म्हणून ४१ वह्यांना ११ शीट लागली. शिवाय प्रत्येक शीटची एक लांब पट्टी उरते, ती टाकू नये, पुढे लागते. जाड सुती दोरा, पाच-सहा मोठ्या सुया, एक दाभण आणि एक मेणबत्ती. कटिंगचे पैसे धरून सगळं सव्वासहाशेत बसलं.

आता कृती. बाराही कागद एकदम दुमडू नयेत, घडी गोल येते आणि वही फुगलेली दिसते. तीन-तीन कागद दुमडावेत आणि घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ जोरात फिरवावी. झेरॉक्सचा कागद आडवा दुमडताना थोडा अडतो, कारण त्यातले तंतू बहुधा लांबीच्या दिशेने बसलेले असतात आणि आपण त्यांना आडवं मोडत असतो. चमचा फिरवला की तो नमतो. कार्डशीट जाड असतं, ते तसंच मोडलं तर घडीवर भेगा पडतात. म्हणून मधोमध पट्टी धरून संपलेल्या रिफिलने आधी एक खोल रेघ ओढायची आणि मग त्या रेघेवर दुमडायचं.

भोकं तीनच. वहीची उंची २१ सेंटिमीटर, तेव्हा एक भोक बरोबर मध्ये साडेदहावर आणि बाकीची दोन्ही टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. प्रत्येक वहीवर मोजत बसायचं नाही. उरलेल्या कार्डशीटच्या पट्टीवर एकदाच मापं घेऊन साचा करायचा आणि तो घडीच्या खाचेत ठेवून दाभणाने टोचायचं. वही उघडून एखाद्या जाड जुन्या पुस्तकाच्या मधल्या खळग्यात ठेवली की दाभण सरळ घडीवर उतरतं.

दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट घ्यायचा, म्हणजे साधारण ५५ सेंटिमीटर, आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्यायचा. मेण लागलं की दोरा गुंतत नाही आणि गाठ सुटत नाही. मग मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढायची. आत बोटभर दोरा शिल्लक ठेवायचा. बाहेरून वरच्या भोकाशी जाऊन आत यायचं. आता मधलं भोक सोडायचं आणि आतल्या बाजूने थेट खालच्या भोकातून बाहेर पडायचं. बाहेरून पुन्हा मधल्या भोकाशी येऊन आत शिरायचं. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आत मध्यावर येतात. वरपासून खालपर्यंत गेलेला लांब टाका त्या दोन टोकांच्या मध्ये येऊ द्यायचा आणि त्याच्यावर घट्ट गाठ मारायची. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढावा. आपल्याकडे ओढला तर भोक फाटतं, आणि पहिल्या दिवशी आमची तीन भोकं अशीच फाटली. उरलेले आठ कागद तिथे कामी आले.

शिवून झाल्यावर मधली पानं बाहेर डोकावतात. काही चुकलं म्हणून नव्हे. बारा कागदांची जाडी एकावर एक चढते, त्यामुळे सर्वांत आतलं पान एक-दीड मिलिमीटर पुढे येतं. साऱ्या वह्या एकदम बाइंडरकडे नेल्या आणि मशीनवर तिन्ही बाजूंनी कापून घेतल्या की कडा सुरीसारखी सरळ होते. मुखपृष्ठ एक सेंटिमीटर मोठं कापलं होतं ते यासाठीच. नव्या हाताला एका वहीला वीस मिनिटं लागतात, सराव झाला की दहा. आठ मुलं दोन दुपारी बसली आणि एक्केचाळीस वह्या झाल्या.

पण कोऱ्या वहीला निरोपाची भेट म्हणता येत नाही. तिचं पहिलं पान महत्त्वाचं, आणि मी सर्वांत जास्त वेळ देते तो या पानाला. दहावीच्या मुलांच्या चिठ्ठ्या करतो, नववीतला प्रत्येक जण एक उचलतो. ज्याचं नाव आलं त्याच्यासाठी दोन ओळी लिहायच्या. अट एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट. 'उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा' नाही, गुणांचा उल्लेख नाही, उपदेश तर नाहीच. मुलं सुरुवातीला अडखळतात. "बाई, मी तर त्याला ओळखतच नाही." मग चार दिवस देते. विचारपूस करायला ती मधल्या सुट्टीत दहावीच्या वर्गाबाहेर घुटमळतात. एकाने शेवटी लिहिलं, 'संमेलनात पडदा अडकला तेव्हा शिडीवर तुम्ही चढलात. खाली शिडी धरणारा मी होतो.' दुसरीने लिहिलं, 'पाचवीत माझा डबा ओढ्यात पडला होता. तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला अजून आठवते, ताई.' सगळ्या ओळी आधी कच्च्या कागदावर घेते आणि स्वतः वाचते. टोपणनावाने कुणाला हिणवलेलं असेल किंवा कुणी अवघडेल असं काही असेल, तर त्या मुलाला बाजूला घेऊन बदलायला लावते. ही पायरी गाळू नये.

शेवटचं पानही आम्ही कोरं ठेवलं नाही. दहावीनंतर मुलांची खरी धावपळ कागदपत्रांची असते. २०२५पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, आणि फॉर्म भरताना एक दाखला कमी पडला तरी धाप लागते. म्हणून तिथे यादी: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल त्यांना जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. समोर चौकोन, मिळाला की खूण करायला. खाली ठळक अक्षरांत एक सूचना: शाळेचा दाखला हातात घेतल्यावर नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख तिथेच उभं राहून वाचा. शाळा सुटल्यावर एका वेलांटीच्या दुरुस्तीसाठी पालकांना किती खेपा घालाव्या लागतात ते मी दरवर्षी पाहते. डब्यात पैसे जास्त जमले तर कप्प्यांची फाईलच द्यावी. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत असा माल घाऊक मिळतो.

आमचे पाचशेच्या वर रुपये उरले होते. त्यात दहावीच्या वर्गाचा ४ बाय ६ इंचांचा फोटो प्रत्येकासाठी छापून मधल्या पानावर चिकटवला. डिंक फक्त चार कोपऱ्यांना लावावा, पूर्ण लावला तर पान आकसतं. उरलेल्या कार्डशीटच्या पट्ट्यांवर नावं लिहिली आणि खुणेच्या पट्ट्या म्हणून वहीत ठेवल्या.

दहावीचा पट चाळीसचा, आणि वह्या एक्केचाळीस. रिम घेतानाच हे ठरलं होतं. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली एक मुलगी परत आली नव्हती. तिच्या नावाची चिठ्ठीही आम्ही टाकली होती आणि ज्या मुलाला ती मिळाली त्याने दोन ओळींचं एक पान केलं. समारंभाच्या दिवशी ती वही तिच्या चुलतभावाच्या दप्तरात ठेवली. तोडणीचा हंगाम संपून टोळी गावी आली तेव्हा त्याने ती तिला नेऊन दिली.