पोराचा इसब

पोर दिवसभर खेळते, तेव्हा काही वाटत नाही. रात्री दिवा मालवला की खसखस आवाज सुरू होतो. पोर झोपेतच अंग खाजवत असते. कोपराच्या आतल्या बाजूला खाजवते, गुडघ्यामागच्या लवणीत खाजवते, मानेवर ओरबाडते. सकाळी पाहावे, तर गोधडीला रक्ताचे ठिपके. पोर किरकिरे होते. आईची झोप उडते. त्यात आजी म्हणते, "दृष्ट लागली." शेजारीण म्हणते, "अंगावर पाजतेस ना? तूच काहीबाही उष्ण खाल्लं असशील."

अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली. या दुखण्याला इसब म्हणतात. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. तो दृष्ट लागून होत नाही. आईने वांगे खाल्ले म्हणूनही होत नाही. आईला बोल लावू नका.

मग होतो कशाने? आपले अंगण पाहा. शेणाने चांगले सारवलेले असले, की धूळ उडत नाही, भेगा पडत नाहीत. सारवण सुटले, की ऊनवारा लागून जमिनीला चिरा पडतात. आपल्या कातडीचे तसेच आहे. कातडीच्या वरच्या थरात एक ओशटपणा असतो. तो आतली ओल आत ठेवतो, बाहेरची घाण बाहेर ठेवतो. काही मुलांचे हे सारवण जन्मापासूनच कच्चे असते. २००६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कातडी घट्ट ठेवणारे एक द्रव्य काही मुलांच्या अंगात कमी तयार होते. ही उणीव आईबापांकडून मुलात उतरते. म्हणूनच ज्या घरात कुणाला दमा आहे, किंवा कुणाला सारख्या शिंका येतात, त्या घरात इसब जास्त दिसतो.

ओल गेली की कातडी कोरडी पडते. कोरडी कातडी खाजते. खाजवली की फुटते. फुटली की आणखी खाज. हे चाक फिरतच राहते. ते थांबवायचे, तर सारवण रोज घालायला हवे. अंगण तरी एकदा सारवून वर्षभर कुठे टिकते?

पण आधी ओळखा, की हा इसबच आहे. घरात दोघातिघांना एकदम खाज सुटली, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या आल्या, तर ती बहुधा खरूज. खरूज एकाची दुसऱ्याला लागते. तिचे औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावे लागते. गोल चट्टा उठला, कडा उठावदार आणि मध्ये साफ, तर ते गजकर्ण. इसबाचे मलम गजकर्णाला लावले, तर ते झाकले जाते आणि आतून पसरते. इसब तान्ह्या मुलाच्या गालांवर दिसतो. मूल मोठे झाले की कोपर-गुडघ्याच्या वळणात जातो. सावळ्या अंगावर लाली फारशी दिसत नाही, चट्टा काळपट किंवा राखाडी दिसतो. शंका असली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुठे जायचे हे आशाताईंना विचारा.

आता आंघोळीचे सांगतो. इथे जरा सावकाश वाचा.

आम्ही एका घरी गेलो होतो. आजीबाई नातवाला न्हाऊ घालत होत्या. हात मोठा कसबी. पाय पसरून बसल्या, नातवाला पायांवर पालथे घेतले, भरपूर तेल चोळले. मग डाळीचे पीठ लावून खसाखसा घासले. मग कढत पाणी, तांब्यामागून तांब्या. शेवटी निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी. नातू रडून रडून लालबुंद झाला. आजी म्हणाल्या, "बघा की, एवढं तेल जिरवते रोज, तरी कातडी सुकीच!"

आम्ही म्हणालो, "आजी, तेल जिरलं कुठं? ते तर मोरीतून वाहून गेलं."

आजी हसल्या. मग विचारात पडल्या.

आजींचे तेल चांगले होते, मायाही खरी होती. क्रम तेवढा उलटा होता. इसब असलेल्या पोराला आधी पाणी, मग तेल. कढत पाण्याने अंगातला होता तो ओशटपणाही धुऊन जातो. पिठाने घासले की फुटलेली कातडी आणखी सोलते. म्हणून पाणी कोमट घ्या. आपल्या कोपराने पाहा. कोपराला चटका बसला, तर ते पोराला कढत. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरका. घासणी नको, पीठ नको. साबण लावायचाच, तर हातपाय, बगला, जांघ एवढ्यालाच. तोही सौम्य, वासाचा नव्हे. अंगाला कपड्यांचा साबण कधीच लावू नका. धुरी तर नकोच. धुराने खाज वाढते आणि पोराच्या छातीलाही तो बाधतो.

आंघोळ झाली की जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्याने अंग टिपून घ्या. पुसू नका, नुसते टिपा. अंग जरा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, तेल लावा. खोबरेल चांगले. फिलिपिन्स देशात इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे हे तपासून पाहिले. निम्म्या मुलांना साधे खनिज तेल दिले, निम्म्यांना खोबरेल. खोबरेल लावलेल्या मुलांना जास्त गुण आला. २०१४ साली ही माहिती छापून आली. मात्र खोबरेल शुद्ध हवे, केसांना लावायचे वासाचे नव्हे. दुकानात मिळते ती पांढरी पेट्रोलियम जेलीही चालते. थंडीत ती अधिक टिकते. घाण्याचे शेंगतेल मात्र फुटलेल्या कातडीला लावू नका. त्यातून शेंगदाण्याचे वावडे जडू शकते. मोहरीचे तेलही झोंबते.

तेल वरून खाली, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने लावा. सगळ्या अंगाला लावा, नुसते चट्ट्यावर नको. दिवसातून दोनतीनदा लावा. आणि पोर बरे दिसू लागले म्हणून थांबू नका. बहुतेक घरी गाडे इथेच अडते. जेली काढताना डबीत बोटे घालू नका, स्वच्छ चमच्याने घ्या. आणखी एक, तेल-जेली मुरलेला कपडा लवकर पेट घेतो. अशा पोराला चुलीजवळ बसवू नका.

त्या आजींनी तसे करून पाहिले. पंधरा दिवसांनी गेलो, तेव्हा नातवाचे गाल मऊ झाले होते. कोपराचा चट्टा मात्र होता तसाच होता. त्याला औषध लागले.

औषधाकडे वळण्याआधी कपड्यांचे थोडे सांगतो. सुती, सैल, धुवट कपडे घाला. साबण राहू नये म्हणून ते दोनदा खळबळून काढा. घोंगडीवर पोराला उघडे निजवू नका, लोकर टोचते. वर जुने लुगडे अंथरा. थंडीत अंग फुटते, उन्हाळ्यात घामाने खाज सुटते. घाम आला की ओल्या फडक्याने टिपा. मळणीच्या धुळीत आणि बांधावरच्या गाजर गवतात पोराला बसवू नका. नखे आठवड्याला कापा. "खाजवू नको, खाजवू नको" असे ओरडून काही होत नाही. त्याला का हौस आहे? त्यापेक्षा थंड पाण्यात भिजवून पिळलेले फडके चट्ट्यावर पाच-दहा मिनिटे ठेवा, मग पुन्हा तेल लावा, हातात काहीतरी खेळायला द्या.

एवढे करूनही कधी कधी इसब उसळतो. चट्टा जाड होतो, खाज आवरत नाही. मग नुसत्या तेलाने भागत नाही. डॉक्टर एक मलम देतात. त्यात स्टेरॉइड नावाचे औषध असते. ते कातडीची आग शमवते. सौम्य, मध्यम, कडक असे त्याचे प्रकार असतात. चेहऱ्याला आणि जांघेला बहुतेक सौम्यच चालते.

या मलमाबाबत लोक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण घाबरतात. दोन दिवस लावतात, जरा बरे वाटले की नळी फेकून देतात. इसब पुन्हा वर येतो, मग म्हणतात, औषध लागू पडत नाही. दुसरे लोक दुकानातून अनेक औषधे एकत्र असलेली नळी आणतात आणि महिनोन् महिने तीच लावतात, पोराला, बापाला, शेजाऱ्याच्या गजकर्णालाही. त्याने कातडी पातळ होते, तोंडावर पुटकुळ्या येतात, मलम थांबवले की आग उसळते. म्हणूनच २०१८ साली सरकारने नियम कडक केला, की अशी पुष्कळ स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत. तरीही दुकानदार देतो म्हणाला, तर तुम्ही घेऊ नका.

मलम किती लावायचे? मोठ्या माणसाच्या तर्जनीवर, टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत, मलमाची एक ओळ काढा. एवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टरांनी सांगितले तितक्या वेळा आणि तितके दिवस लावा. तेल आणि मलम यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवा. चट्टा हाताला मऊ लागला, की मलम बंद करण्याविषयी डॉक्टरांना विचारा. तेल मात्र चालूच ठेवायचे.

आणि बिब्बा! बिब्ब्याने पोळलेले पोर आम्ही पाहिले आहे. इसब जळून जाईल म्हणून कुणीतरी चट्ट्याला लावला होता. इसब राहिला बाजूलाच, हातभर फोड आले. मोरचूद, रॉकेल, लसणाचा लेप, लिंबू, यांतले काहीही फुटलेल्या कातडीला लावू नका.

खाण्याचे पथ्यही असेच. इसब झाला की दूध बंद, अंडी बंद, डाळ बंद. शेवटी पोराच्या ताटात नुसता भात राहतो. पोर वाळते, इसब जात नाही. एखादा पदार्थ खाल्ल्याबरोबर तोंड सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, तर डॉक्टरांना सांगा. तोंड सुजून दम लागला, तर तेव्हाच दवाखाना गाठा. एरवी इसबापायी पोराला उपाशी ठेवू नका. आईनेही पोटभर खावे आणि अंगावर पाजत राहावे. लसीही वेळेवर टोचून घ्या.

काही खुणा दिसल्या, तर घरी थांबू नका. चट्ट्यातून पू आला, पिवळी खपली धरली, ताप आला, चट्टा गरम होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. चट्ट्यावर सारख्या आकाराचे बारीक फोड घोसाने आले आणि फुटून खळगे पडले, पोर मलूल झाले, तर रात्र असली तरी निघा. हा दुसराच आजार असतो. ओठावर तापाचे फोड आलेल्या माणसाकडून तो पोराला लागू शकतो. अशा माणसाने फोड सुकेपर्यंत इसबाच्या पोराचा मुका घेऊ नये.

बहुतेक मुलांचा इसब वय वाढते तसा कमी होतो. काहींचा राहतो. तोवर पोराला शाळेत जायचे असते. तिथे पोरे म्हणतात, "याच्याजवळ बसू नका, लागेल." कधी कधी मोठी माणसेही त्याला वेगळे बसवतात. एक दिवस तुम्हीच पोराबरोबर शाळेत जा. गुरुजींना सांगा, "हा इसब आहे, खरूज नव्हे. डॉक्टरांना दाखवलं आहे. कुणाला लागत नाही." मग त्याला सगळ्यांच्या पट्टीवर बसवा आणि दप्तरात खोबरेलाची लहान बाटली द्या.