बसच्या वरच्या मजल्यावर सहा पदार्थांचे जेवण

पॅरिसमध्ये एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर शहर पाहायचे की निवांत बसून फ्रेंच जेवण जेवायचे, असा प्रश्न पडतो. दोन्ही एकाच वेळी उरकण्याची सोय तिथे २०१४ पासून आहे. ‘बस्ट्रोनोम’ नावाची कंपनी डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर टेबले मांडून जेवण वाढते आणि तेवढ्या वेळात बस शहराचा फेरफटका मारते. छत काचेचे असल्याने ताटावरून नजर उचलली की आयफेल टॉवर टोकापर्यंत दिसतो.

ही चैन स्वस्त नाही. रात्रीच्या जेवणाचा दर माणशी शंभर युरोंच्या पुढे जातो. त्यामुळे या बसमध्ये जेवण शिजते कसे, वाढले कसे जाते आणि पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे आधी समजून घेतलेले बरे. या जेवणात आचाऱ्याच्या बरोबरीने रस्त्याचाही शब्द चालतो.

बसच्या आधी रेल्वे आणि ट्राम

धावत्या वाहनात टेबलावर बसून जेवण्याची प्रथा रेल्वेने रुजवली. अमेरिकेत जॉर्ज पुलमन यांनी १८६८ मध्ये ‘डेल्मोनिको’ हा भोजनडबा आणला. तोवर प्रवाशांना स्टेशनावर उतरून, गाडी सुटण्याच्या धाकात दोन घास पोटात ढकलावे लागत. मराठी वाचकाला याचे घरचे उदाहरण म्हणजे डेक्कन क्वीन. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या या गाडीच्या डायनिंग कारमधले ऑम्लेट आणि चीज टोस्ट खाण्यासाठी मुद्दाम जागा सोडून जाणारे प्रवासी आजही आहेत.

रेल्वेमागून ट्राम आली. मेलबर्नमध्ये १९८३ मध्ये जुन्या ट्रामचे फिरते रेस्टॉरंट झाले. मिलानमध्ये १९२८ च्या बनावटीच्या ट्राममध्ये रात्रीचे जेवण मिळते, तर झुरिकमध्ये हिवाळ्यात ट्राममध्ये बसून चक्क वितळत्या चीजचे फॉन्ड्यू खाता येते. ट्राम रुळांवर चालते, तिला खड्डे नसतात आणि वळणे ठरलेली असतात. बसला हे सुख नाही, म्हणून बसमधले जेवण हे त्याहून अवघड काम आहे.

गाडीची रचना

बस्ट्रोनोमच्या बसमध्ये खाली स्वयंपाकघर आणि वर जेवणाची जागा, अशी विभागणी आहे. वर सुमारे ३८ जण बसतात. टेबले दोघांची आणि चौघांची असून ती पक्की बसवलेली असतात.

खाली स्वयंपाकघर ठेवण्याचे एक कारण उघड आहे: वरून दिसणारा देखावा पाहुण्यांसाठी राखायचा. दुसरे कारण तोलाचे आहे. ओव्हन, शीतकपाटे, पाण्याच्या टाक्या असा जड ऐवज जितका खाली, तितकी गाडी स्थिर. डबलडेकर बसचा तोल हा गंभीर विषय आहे. ब्रिटनमध्ये अशा बसची चाचणी घेताना फक्त वरच्या मजल्यावर प्रवाशांच्या वजनाएवढा भार ठेवतात आणि गाडी २८ अंशांपर्यंत तिरपी करतात. तेवढे कलूनही ती उलटता कामा नये.

उंचीचेही बंधन आहे. युरोपीय संघात अशा गाड्यांची उंची साधारणपणे चार मीटरच्या आत ठेवावी लागते. तेवढ्यात दोन मजले बसवायचे म्हणजे वर डोक्याशी फार जागा उरत नाही. मधली वाट अरुंद, छत ठेंगणे आणि गाडी चालती, अशा स्थितीत वाढप्याला हातात ताटे घेऊन फिरावे लागते. एरवीच्या रेस्टॉरंटमधला कसलेला वाढपीही इथे पहिल्या दिवशी नवशिकाच ठरेल.

ब्रेक आणि सूपची वाटी

चालत्या गाडीत द्रव पदार्थ कसा वागतो, याचे गणित सोपे आहे. चालकाने अगदी हलक्या पायाने ब्रेक लावला, म्हणजे वेग दर सेकंदाला सेकंदी एक मीटर या हिशेबाने कमी केला, तर वाटीतल्या सूपचा पृष्ठभाग सुमारे सहा अंश कलतो. वाटी २० सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेला सूप जवळजवळ एक सेंटिमीटर वर चढते. एखादा सायकलस्वार मध्ये आला आणि तिप्पट जोराने ब्रेक दाबावा लागला, तर तेच सूप तीन सेंटिमीटर चढते. काठोकाठ भरलेली वाटी मग समोरच्याच्या मांडीवरच रिकामी होणार.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, भांडे अरुंद व खोल घ्यायचे. रुंदी निम्मी झाली की कडेचा चढही निम्मा होतो. दुसरा, सूप किंवा सॉस दाट ठेवायचा, म्हणजे तो हिंदकळत राहत नाही. तिसरा, भांडे अर्धेच भरायचे. अशा बसमध्ये लहान कपात दोन घोट सूप आले, तर आचाऱ्याने हात आखडता घेतला असे नव्हे, हे लक्षात ठेवावे.

पेल्यांची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. वाइनचे उंच पाय असलेले ग्लास टेबलावर मोकळे उभे नसतात. त्यांच्यासाठी टेबलावर खाचा असलेले पारदर्शक स्टँड असतात. ग्लास उचलायचा, घोट घ्यायचा आणि पुन्हा त्याच खाचेत ठेवायचा. थोड्याच वेळात हाताला ती सवय होते.

स्वयंपाक बसमध्ये होतो का?

पूर्ण होत नाही, आणि होणे शक्यही नाही. वर काचेखाली ३८ माणसे, खाली चालत्या गाडीत मोठी आच आणि उकळते तेल, हा मेळ कोणी जबाबदार माणूस जमवणार नाही. अशा जेवणाची बरीचशी तयारी जमिनीवरच उरकावी लागते. गाडीत उरते ते गरम करणे, रचणे आणि सजवणे.

इथे अन्नसुरक्षेचा नियम आडवा येतो. फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्येही गरम वाढायचे अन्न ६३ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमानाला ठेवावे लागते. म्हणजे पदार्थ असे निवडावे लागतात, की जे शिजून झाल्यावर तास-दीड तास गरम ठेवले किंवा पुन्हा गरम केले तरी बिघडत नाहीत. मंद आचेवर शिजवलेले मांस, भाज्यांची मऊ प्युरी, दाट सॉस, थंडगार मिष्टान्न हे पदार्थ या कसोटीला उतरतात. ओव्हनमधून काढताच खाली बसणारे सूफ्ले किंवा ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे कमी-जास्त भाजलेला स्टेक इथे मागण्यात अर्थ नाही. मेन्यू आधीच ठरलेला असतो, तो यासाठी. पाहुण्याने ऐनवेळी काही निराळे मागितले, तर ते करायला खाली ना जागा, ना साहित्य.

मार्ग आणि वेळेचा मेळ

बस आर्क द त्रिआँफजवळच्या क्लेबेर मार्गावरून निघते आणि तिथेच परत येते. मधल्या वेळात ऑपेरा गार्निए, लूव्र, नोत्र दाम, ऑर्से संग्रहालय, अँव्हालिद, आयफेल टॉवर आणि शाँझेलिझे अशी ठळक ठिकाणे दिसतात. दुपारी चार पदार्थ पावणेदोन तासांत, तर रात्री सहा पदार्थ पावणेतीन तासांत वाढले जातात. भागाकार केला तर दोन्ही वेळा एका पदार्थाला साधारण २६ ते २८ मिनिटे येतात. जेवण मोठे झाले तरी वाढण्याची गती तीच राहते. बदलते ती बस फिरण्याची वेळ.

शहराच्या एका धोरणाचा अशा बसला आयताच फायदा झाला आहे. ३० ऑगस्ट २०२१ पासून पॅरिसच्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. प्रदूषण, गोंगाट आणि अपघात कमी करण्यासाठी केलेला हा नियम जेवणाऱ्यांच्याही पथ्यावर पडतो. अडचण आहे ती दगडी फरसबंदीची. बारा रस्ते जिथे येऊन मिळतात तो आर्क द त्रिआँफचा चौक आणि शाँझेलिझेचा रस्ता दगडांचा आहे. तिथून जाताना काटे-चमचे किणकिणतात आणि ताटातला नाजूक मनोरा टिकत नाही. म्हणून अशा जागी ताट रिकामे असणे किंवा बस थांबलेली असणे चांगले. मार्ग आखणारा आणि मेन्यू आखणारा एकमेकांशी बोलले नाहीत, तर ही बस चालणारच नाही.

लंडनचा चहा: सोपा मार्ग

लंडनमध्ये याच कल्पनेचा साधा अवतार लोकप्रिय झाला. ‘ब्रिजिट्स बेकरी’ जुन्या लाल रूटमास्टर बसमध्ये दुपारचा चहा देते. रूटमास्टर १९५६ मध्ये रस्त्यावर आली आणि ९ डिसेंबर २००५ रोजी नेहमीच्या सेवेतून निवृत्त झाली. अशा बसमध्ये बसून ट्रफाल्गर चौक, बिग बेन, हाइड पार्क पाहत सँडविच, स्कोन आणि छोटे केक खायचे.

इंग्रजी दुपारचा चहा जणू बससाठीच जन्माला आला आहे. जवळजवळ सगळे पदार्थ थंड किंवा कोमट, हाताने उचलून खाण्याजोगे, सुरी-काट्याशिवाय संपणारे. धोका फक्त गरम चहाचा. तो झाकण असलेल्या कपात देऊन तोही मिटवला आहे. हे ‘फाइन डायनिंग’ म्हणता येणार नाही, पण सुटसुटीतपणात ते पॅरिसच्या सहा पदार्थांना मागे टाकते.

मेलबर्नचा धडा

फिरत्या रेस्टॉरंटचे भवितव्य स्वयंपाकापेक्षा गाडीवर अवलंबून असते, हे मेलबर्नने दाखवून दिले. तिथली ‘कलोनिअल ट्रामकार रेस्टॉरंट’ ही सेवा शहराची ओळख बनली होती. जुन्या ट्रामना हेलकावे कमी करणारी यंत्रणा बसवली होती आणि पाच पदार्थांचे जेवण वाढले जाई. पण २०१८ मध्ये ट्रामसेवा चालवणाऱ्या कंपनीने सुरक्षिततेच्या कारणावरून या जुन्या गाड्यांना रुळांवर यायला मनाई केली. स्वयंपाकघर होते, ग्राहक होते, गाडीच नव्हती. पस्तीस वर्षांची सेवा थांबली.

मुंबईत जमेल का?

मार्गाची उणीव मुंबईत नाही. गेटवे, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मरीन ड्राइव्ह ही सगळी ठिकाणे एका छोट्या फेरीत बसतात. ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला आहे. पर्यटन महामंडळाची उघड्या छताची ‘नीलांबरी’ बस याच भागात फिरत असे. बेस्टच्या जुन्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी आणि त्यापाठोपाठ उघड्या छताच्या बस ५ ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाल्या. आता शहरात विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर धावतात. त्यांना इंजिनाची थरथर नाही, हा जेवणाच्या दृष्टीने मोठा गुण आहे.

अडचणी मात्र आपल्या खास आहेत. पावसाळ्यातले खड्डे, जागोजागचे गतिरोधक आणि कोणत्याही क्षणी लागणारा ब्रेक. शिवाय आपल्या जेवणात आमटी, रस्सा, सोलकढी असे वाहते पदार्थ फार. वर मांडलेल्या सूपच्या गणितात आपली आमटी पहिल्याच गतिरोधकाला नापास होईल. कोथिंबीरवडी, साबुदाणा वडा, भरली वांगी, पुरणपोळी, मोदक आणि झाकणाच्या कपात चहा असा मेन्यू आखला, तर मात्र सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना मरीन ड्राइव्हवर तो निभेल.

तिकीट काढण्यापूर्वी

• शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच कळवा. मासे, अंडी, मांसाचे सूप आणि सॉसमधली वाइन चालत नसेल, तर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहा. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही.

• सूर्यास्ताची वेळ पाहा. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या आतच. दिव्यांची रोषणाई पाहायची असेल, तर उन्हाळ्यात रात्रीची शेवटची फेरी घ्या. हिवाळ्यात कोणतीही संध्याकाळची फेरी चालेल.

• आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटे लुकलुकतो. त्या वेळी बस कुठे असेल, हे विचारून घ्या.

• दोघेच असाल तर स्वतंत्र टेबल मिळेल की चौघांच्या टेबलावर अनोळखी जोडप्याबरोबर बसावे लागेल, हेही विचारा.

• गाडीत स्वच्छतागृह आहे का, जिना चढायला आधार आहे का, व्हीलचेअरची सोय आहे का, हे ज्येष्ठांना नेताना आधी विचारावे.

• बस लागण्याची सवय असलेल्यांनी वरच्या मजल्याचा विचार जपून करावा. तिथे हेलकावे जास्त जाणवतात. पाठ प्रवासाच्या दिशेला येणारी खुर्ची तर टाळावीच.

पैसे कशाचे?

केवळ जेवणाच्या चवीवर मोजमाप केले, तर तेवढ्याच पैशांत पॅरिसमधले एखादे उत्तम रेस्टॉरंट याहून सरस जेवू घालेल. तिथे पदार्थ आचेवरून थेट ताटात येतो. केवळ शहर पाहायचे असेल, तर साध्या पर्यटन बसचे तिकीट कितीतरी स्वस्त पडते. या बसची किंमत त्या दोहोंच्या जोडणीची आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पायी फिरणे न झेपणारे आई-वडील सोबत असणे, किंवा शहरात एकच रात्र असणे, अशा वेळी ती मोजावी. पॅरिसमध्ये चार दिवस मुक्काम असेल, तर शहर पायी पाहावे आणि जेवायला जमिनीवरच बसावे.