अठरा वर्षांनंतर काय?

स्वमग्न मूल लहान असते तोवर शाळा असते, बाई असतात. अठरावे सरले की बहुतेकांची शाळा सुटते आणि तरणाताठा मुलगा घरात बसून राहतो. त्याच्यासाठी आईला कामावर पाणी सोडावे लागते. ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते आले. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशांसाठी मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा सरकारी दाखला लागतो. काही घरे लाजेपोटी तो काढत नाहीत. राखीव जागा म्हणजे भीक नव्हे, हक्क आहे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला हवे काय?

पण राखीव जागा थोड्या; खरे काम वस्तीतच शोधावे लागेल. काही स्वमग्न तरुणांना ठरलेले, नेमके काम छान जमते: माल लावणे, पाकिटे भरणे, नोंदी करणे. जागा आणि वेळ रोज तीच असावी. गोंगाट कमी असावा. सूचना एका वेळी एकच, करून दाखवून द्यावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ओळखीच्या दुकानदाराशी बोलावे, पहिला महिना एकाने सोबत बसावे. आणि मजुरी त्याच्याच हातात पडावी, पूर्ण.

आपल्या गल्लीत असे घर असेल. या रविवारी त्या घरी जाऊन या.