संवर्धन-सेवेतील नवागत विद्यार्थी आणि त्यांची पूर्वतयारी : पवनार येथील धामकाठाच्या संदर्भात

बीजशब्द : संवर्धन-सेवा, आंतरवासिता, राष्ट्रीय सेवा योजना, पवनार, धाम नदी, पुरातत्त्वीय स्थळ

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने शिक्षणकाळातील काही तास समाजाच्या व निसर्गाच्या सेवेत द्यावेत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची चौकट प्राध्यापकवर्गाच्या चांगल्या परिचयाची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर या चौकटीला आंतरवासिता, क्षेत्रीय प्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांची जोड मिळाली आणि सेवेचे तास श्रेयांकांत मोजले जाऊ लागले. तीस तासांना एक श्रेयांक हे माप आता सर्वत्र रूढ होत आहे.

माप निश्चित झाल्याने सोय झाली, पण एक अडचणही निर्माण झाली. तास भरले की सेवा पूर्ण झाली, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये, आणि स्पष्टच सांगायचे तर काही अंशी प्राध्यापकांमध्येही, बळावते. तास भरून काढण्याचे सर्वांत सोपे मार्ग म्हणजे झाडू, फावडे आणि कुदळ. संवर्धनाच्या क्षेत्रात मात्र अजाण हातातील कुदळ ही उपेक्षेइतकीच हानिकारक ठरू शकते. अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात चाललेल्या नागरी संवर्धन दलात सुमारे तीस लाख तरुणांनी काम केले. त्यांनी लावलेली जंगले आजही दाखवली जातात. परंतु जमिनीची धूप थांबावी म्हणून दक्षिणेकडील राज्यांत याच दलाच्या हातून 'कुडझू' ही परदेशी वेलही लावली गेली. पुढे तीच वेल झाडेझुडपे गिळत पसरली व तिचा बंदोबस्त करणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. त्या तरुणांच्या श्रमात खोट नव्हती. आपण कोठे आणि काय लावत आहोत, याचे ज्ञान मात्र अपुरे होते.

वर्धा जिल्ह्यातील पवनार हे गाव या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तेथे नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याची आणि त्याला पाठवणाऱ्या प्राध्यापकाची पूर्वतयारी कशी असावी, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्थळाचे स्वरूप

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार वसलेले आहे. नदीच्या पात्रात काळ्या पाषाणाचे थर उघडे पडलेले असून पलीकडच्या उंचवट्यावर आचार्य विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम आहे. विनोबा १९३८ साली येथे आले. महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन १२ फेब्रुवारी १९४८ रोजी याच पात्रात झाले. १९५९ साली येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना होऊन भगिनींचे सामूहिक साधना-जीवन सुरू झाले. बहुतेक विद्यार्थ्यांना पवनार माहीत असते ते इतक्यापुरतेच.

त्याहून जुने पवनार जमिनीखाली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे प्रतिपादन केले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले आणि त्यातून अनेक काळांतील वस्तीचे थर उजेडात आले. मनसर येथील उत्खननांनंतर प्रवरपुराच्या स्थाननिश्चितीची चर्चा पुन्हा सुरू झाली. ती येथे बाजूला ठेवू. राजधानी असो वा नसो, हे गाव प्राचीन वस्तीवर उभे आहे, हे निर्विवाद आहे. मोगल काळातही वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे नाव पवनार असल्याचे ऐन-ए-अकबरीवरून दिसते.

आश्रमात आज जी शिल्पे पाहावयास मिळतात, ती याच भूमीतून आलेली आहेत. प्रकृती खालावलेल्या अवस्थेत पवनारला आलेल्या विनोबांनी शेतात रोज खणण्याचा क्रम ठेवला होता. काही मिनिटांपासून सुरुवात करून ते हळूहळू वेळ वाढवत गेले. या खोदकामात भरत-राम भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प हाती लागले. ही शिल्पे रामकथेतील मानावीत की कृष्णचरित्रातील, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शेतीच्या खोदकामात मिळालेल्या शिल्पाबरोबर त्याच्या थराची आणि सभोवतालच्या अवशेषांची नोंद येत नाही. त्यामुळे अशा प्रश्नांचा निर्णय केवळ शैलीवरून करावा लागतो. नवागत विद्यार्थ्यासाठी यात थेट बोध आहे : वस्तू हाती लागली तरी तिच्याविषयीचे निम्मे ज्ञान मातीतच राहिलेले असते.

वृक्षारोपणाचा प्रश्न

सेवा-शिबिर म्हटले की वृक्षारोपण आलेच. पवनारमध्ये नेमके येथेच थांबावे लागते. रोपासाठी दीड-दोन फुटांचा खड्डा घ्यावा लागतो. पांढरीच्या टेकाडावर असे पन्नास खड्डे घेतले, तर पन्नास ठिकाणी वस्तीचे थर कापले जातात. पुढे झाडाची मुळे उरलेले काम करतात. खापराचे तुकडे, विटा, मणी बाहेर पडतात आणि विद्यार्थी ते कुतूहलाने खिशात घालतो. त्याच्या दृष्टीने ती आठवण असते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो पुरावा कायमचा नष्ट झालेला असतो.

म्हणून रोपणाची जागा आधी ठरवावी, रोपे नंतर मागवावीत. व्यवहारात बहुधा उलट घडते : रोपांची गाडी येते आणि मग मोकळी जागा शोधली जाते. टेकाड, जुन्या गढीचा परिसर, शेताच्या बांधावर खापरे दिसतात तो भाग, हे सर्व वगळावे. काठावर लावायचेच असल्यास उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन अशी नदीकाठची मूळची झाडे घ्यावीत आणि पुढील दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, याचे उत्तर मिळाल्याखेरीज खड्डा घेऊ नये. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जुलैमध्ये लावलेल्या रोपाची खरी परीक्षा तेव्हा असते, आणि त्या वेळी महाविद्यालयाला सुटी असते.

काही सापडलेच तर काय करावे, हे पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे. काम थांबवावे, वस्तू जागेवरून हलवू नये, शेजारी पट्टी वा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण लिहून ठेवावे आणि प्राध्यापकांमार्फत ग्रामपंचायत व तहसील कार्यालयास कळवावे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू व शिल्पे १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. विद्यार्थ्यांना कलमे पाठ असण्याची गरज नाही. पण सापडलेली वस्तू आपली नसते, एवढे त्यांना ठाऊक असावे.

नदीपात्रातील काम

धाम नदीच्या वरच्या भागात महाकाळी येथे धाम प्रकल्प आहे. त्यातून सोडलेले पाणी पात्रातून वाहत येते आणि ते उचलून वर्धा शहराला पुरवले जाते. याचे दोन अर्थ होतात. पहिला असा की पवनारच्या पात्रात टाकलेली घाण ही केवळ दृष्टीला खुपणारी गोष्ट नाही, तिचा संबंध पिण्याच्या पाण्याशी आहे. दुसरा अर्थ अधिक तातडीचा आहे : आकाश निरभ्र असतानाही वरून पाणी सोडल्यामुळे पातळी वाढू शकते. पात्रात उतरण्यापूर्वी पाटबंधारे विभागाकडे विसर्गाची चौकशी करणे हा उपचार नसून सुरक्षेचा पहिला नियम होय. शेवाळलेला काळा पाषाण अत्यंत निसरडा असतो आणि खडकांमधील डोहांची खोली वरून कळत नाही. पोहता येणाऱ्या विद्यार्थ्यानेही एकट्याने पाण्यात उतरू नये. कोठे डोह आहे व कोठे धार ओढते, हे स्थानिक ढीवर बांधवांइतके कोणीही सांगू शकत नाही. त्यांना विचारावे, आणि शक्य तर त्यांच्यापैकी एकास मानधन देऊन सोबत ठेवावे.

गणेशोत्सव व नवरात्रानंतरच्या स्वच्छतेत निर्माल्य, वस्त्रे, प्लास्टिक, तसबिरी आणि मूर्तींचे अवशेष एकत्र मिसळलेले असतात. ते काठावरच वेगळे करावेत. फुले-पाने खतासाठी जातात. मूर्तींचे अवशेष मात्र कचऱ्याच्या ढिगात फेकू नयेत. ते कोठे न्यायचे, हे ग्रामपंचायतीशी बोलून आधीच ठरवावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांचा आधार विद्यार्थ्यांनी घ्यावा; परंतु विसर्जनासाठी आलेल्या कुटुंबासमोर त्याचे वाचन करू नये. कुंड दाखवावे, वाट करून द्यावी, आणि नकार मिळाल्यास तो वहीत नोंदवून पुढे जावे.

काठावरील बेशरमची झुडपे केवळ तोडून ओल्या मातीवर टाकली, तर खोडाच्या तुकड्यांना पुन्हा मुळे फुटतात. जलपर्णी काढून काठालगत ठेवली, तर पहिल्याच पुरात ती पात्रात परतते. दोन्ही पूररेषेच्या बरीच वर, कोरड्या जागी न्यावीत. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे, तेही हातमोजे घालूनच; अनेकांच्या त्वचेला त्याने पुरळ व खाज येते. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाहूल घ्यावी. नाग, मण्यार व घोणस हे तिन्ही विषारी साप या भागात आढळतात. सर्पदंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर संपर्क साधून सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे निघावे.

नोंदवहीचे महत्त्व

स्वच्छतेचे छायाचित्र आठवडाभरात जुने होते. ज्या नोंदी टिकतात, त्या मोजमापाच्या. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना पाण्यातील विद्राव्य प्राणवायू, आम्लता व गढूळपणा मोजता येतो. येथे नेहमी होणारी चूक वेळेची असते. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री श्वसनात वापरतात. त्यामुळे एकाच ठिकाणी पहाटे कमी आणि दुपारी अधिक आकडा मिळतो. एका तुकडीने सकाळी सातला आणि दुसरीने दुपारी तीनला मोजले, तर नदी सुधारली असा खोटा निष्कर्ष निघतो. ठिकाण, तास आणि खोली कायम ठेवावी. मत्स्यजीवनासाठी प्रति लिटर किमान ४ मिलिग्रॅम विद्राव्य प्राणवायू असावा, हा केंद्रीय मंडळाचा निकष तुलनेसाठी पुरेसा आहे.

कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनी केवळ झाडू उचलावा, असे कोठेही लिहिलेले नाही. गोळा झालेल्या कचऱ्याचे प्रकारनिहाय वजन, विसर्जनाच्या दिवशी कुंडाकडे व पात्राकडे वळलेल्या कुटुंबांची गणना, जुन्या लोकांकडून पुराच्या व डोहांच्या आठवणी, काठावरच्या जागांची स्थानिक नावे ही सारी सामग्री त्यांच्या हाताची आहे. खंड्या, टिटवी, ढोकरी, पाणकावळा हे पक्षी ओळखू लागल्यावर त्यांची ठरावीक वाटेवरील गणना कोणालाही करता येते. नोंद वऱ्हाडी शब्दांतच आली तर ती शुद्ध करू नये.

आश्रमाशी व गावाशी वर्तन

ब्रह्मविद्या मंदिर हे प्रेक्षणीय स्थळ नसून राहते घर आहे. तेथील ज्येष्ठ भगिनींचा दिवस प्रार्थना, अध्ययन व शरीरश्रम यांत बांधलेला असतो, आणि सामूहिक निर्णय सर्वसहमतीने होतात. त्यामुळे परवानगीचे पत्र आदल्या दिवशी देऊन उत्तराची अपेक्षा करणे अनुचित ठरते. प्राध्यापकांनी स्वतः एकदा जाऊन भेटावे. प्रार्थनेच्या वेळा विचारून कामाचे तास त्यांच्याभोवती आखावेत. शिल्पांना हात लावणे, पाणी मारून त्यांचे छायाचित्र घेणे, न विचारता व्यक्तींचे छायाचित्र घेणे, हे सर्व टाळावे. तेथे काम दिले गेलेच, तर ते निवडून घेऊ नये. भाजी निवडणे हेही काम असते. १९५० च्या सुमारास याच परिसरात विनोबांनी कांचनमुक्तीचा व बैलांवाचून करावयाच्या ऋषिशेतीचा प्रयोग आरंभिला होता, हे विद्यार्थ्यांनी वाचून आलेले असावे.

शरीरश्रमाची सवय नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी चार तास कुदळीवर ठेवणे म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी गमावणे. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू अधिक, असा क्रम असावा. उन्हाळ्यात सर्व काम सकाळी अकरापूर्वी आटोपावे. टोपी अथवा दुपट्टा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पकड असलेली पादत्राणे, किमान दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर या गोष्टी प्रत्येकाजवळ असल्याचे निघण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहावे. विद्यार्थिनींसाठी स्वच्छतागृहाची सोय जागा ठरवतानाच पाहावी. हा मुद्दा नियोजनपत्रकात हमखास गळतो आणि मग मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

मूल्यमापनात हजेरीला गुण असावेत, पण नोंदवहीला अधिक असावेत. पुढच्या तुकडीतील अपरिचित विद्यार्थ्याला ती वाचून त्याच खडकाजवळ, त्याच तासाला उभे राहता येते का, ही तिची कसोटी. वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करून तिला दाखल क्रमांक द्यावा, आणि एक छायाप्रत पवनार ग्रामपंचायतीत ठेवावी. कार्यक्रम अधिकारी बदलले की कपाटाच्या किल्ल्या हरवतात. दाखल क्रमांक पडलेली वही सहसा हरवत नाही.