आजीच्या आईचं माहेर

दिमोना हे इस्रायलच्या वाळवंटातलं गाव. तिथे, अश्दोदला किंवा लोदला शाळेच्या हजेरीपटावर पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं सापडतात. ही मुलं हिब्रूत शिकतात, हिब्रूतच भांडतात. आणि मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी एखादी मुलगी आजीला विचारते, की आपल्या नावामागचं हे ‘कर’ आलं कुठून? आजी सांगते, अगं, ती आपली गावं. रायगड जिल्ह्यातली.

तिथून पुढची गोष्ट बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्राने नेल्या. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला आणि ज्यूंचा विसाव्याचा वार म्हणून शनिवारी तो बंद ठेवला. आसपासच्या गावांनी त्यांचं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. कुटुंबं ज्या गावात राहिली, त्या गावाचं आडनाव झालं. सॅम्युएलचा समाजी झाला, इझीकेलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणाऱ्या सॅम्युएल इझीकेल दिवेकरांना लोक समाजी हसाजी याच नावाने ओळखत.

आपण नेमके कोण, हे मात्र पुसट होत गेलं होतं. ते सांगायला दावीद राहबी नावाचा परदेशी ज्यू आला, असं परंपरा सांगते. तो कधी आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही; कोणी हजार वर्षांमागे जातं, कोणी अठराव्या शतकात थांबतं. त्याने केलेली परीक्षा सगळ्यांना पाठ आहे. त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. ज्यूंचा खाण्याचा नियम तोच आहे: जिताडा चालतो, कोलंबी चालत नाही. नियम कुठल्या ग्रंथातला हे त्या बायकांना ठाऊक नसेल, पण हात चुकले नाहीत. शेमा ही प्रार्थनाही त्यांना येत होती. राहबीने मग तिघांना धर्म शिकवून ‘काजी’ केलं.

या गोष्टीत खूण सापडली ती बायकांच्या हातात, हे लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे संशय आला तोही बायकांवरच.

१९४८ नंतर हजारो बेने इस्राएल कोकण आणि मुंबई सोडून इस्रायलला गेले. १९६१-६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आईच्या आईची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. ज्यू कायद्यात वंश आईकडून धरतात. लग्नाच्या वयाला आलेल्या मुलामुलींना आपल्या आजीच्या आईचा पुरावा मागितला गेला. कोकणातल्या खेड्यात तेलाचा घाणा चालवणाऱ्या घराने तो कुठून आणायचा? हा अपमान होता, आणि लोकांनी तो तसाच घेतला. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बींना आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

२०१६ मध्ये जनुकशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्हींचा वाटा या समाजात मोठा आहे. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांमागे, म्हणजे गेल्या हजारेक वर्षांत झाला. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आला, भारतीय वारसा बायकांकडून.

म्हणजे गोष्टीतल्या सात बायकांच्या जोडीला कोकणातल्या कितीतरी लेकी या घरांत आल्या असणार. हे ऐकून एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला धक्का बसेलही. बसू नये, असं वाटतं. शनिवार पाळणं, मासळी निवडणं, नवसाचा मलिदा करताना पोह्यांत नारळ आणि साखर कालवणं हे पोरांना शिकवलं ते याच आयांनी. त्यांना परक्या ठरवलं, तर मग घरचं कोण उरतं?

अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ मध्ये स्थापन झालेलं मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभं आहे. इस्रायलमधून येणारी नातवंडं आडनावाचं गाव शोधत याच भागात फिरतात. तो शोध सोपा आहे, गाव नावातच लिहिलेलं असतं. पण ते बापाचं गाव. आयांची माहेरं कुठल्याच आडनावात नाहीत, ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी मराठी बोलणारी आजी अजून आहे, मग ते घर दिमोनात असो की पेणमध्ये, त्यांनी या आठवड्यात तिच्याजवळ बसावं. तिच्या आईचं माहेर कोणतं आणि त्या आईच्या आईचं कोणतं, ते विचारावं आणि वहीत लिहून ठेवावं.