शास्त्रलेख पुन्हा वाचताना : लेखांक सहावा – आहाजाला मिळालेली खूण

नाताळच्या उपासनेत यशयाच्या सातव्या अध्यायातले चौदावे वचन वाचले जात नाही, अशी मंडळी शिरूर-दौंड भागात शोधावीच लागेल. इम्मानुएलाच्या जन्माची ती घोषणा शब्बाथशाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण ती घोषणा कोणापुढे झाली आणि त्या माणसाला त्या दिवशी कशाची धास्ती होती, हे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. यात त्यांचा दोष नाही. वचन अध्यायातून उचलून घ्यायचे आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायाला जोडायचे, अशीच सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लागली आहे. आज तो अध्याय सुरुवातीपासून वाचू.

काळ इ.स.पूर्व 735 च्या सुमाराचा. यरुशलेमच्या गादीवर दावीदाच्या घराण्यातला आहाज. गादीवर आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. उत्तरेकडून दोन राजे त्याच्यावर चालून आले होते, अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह. अश्शूरचे साम्राज्य सगळ्यांच्याच उरावर बसले होते. त्याच्याविरुद्ध उभारलेल्या आघाडीत आहाज सामील होईना, म्हणून त्याला खाली खेचून ताबेलाच्या मुलाला गादीवर बसवायचे, असा या दोघांचा बेत. सातव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात तो स्पष्ट लिहिला आहे.

अशा वेळी आहाज राजवाड्यात नव्हता. वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर तो होता. वेढा पडणार असेल तर शहराला पाणी कुठून मिळणार, हे तो बहुधा पाहत असावा. उन्हाळा आला की विहिरीचा तळ आधी बघणाऱ्या आपल्या भागाला त्या राजाची काळजी समजावून सांगावी लागत नाही. तिथेच यशया आपल्या मुलाला, शआर-याशूबला, बरोबर घेऊन त्याला गाठतो आणि सांगतो की घाबरू नकोस, हे दोघे टिकणार नाहीत. हवी ती खूण देवाकडे माग, असेही म्हणतो. आहाज भक्तिभावाचा आव आणून नकार देतो. दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय सांगतो की त्याने अश्शूरच्या राजाकडे मंदिरातले सोने-चांदी पाठवून मदत मागितली. देवाची खूण मागायला त्याला संकोच वाटला, अश्शूरपुढे लोटांगण घालायला वाटला नाही. तेव्हा यशया न मागितलेली खूण देतो: एक मूल जन्माला येईल, आणि त्याला बरे-वाईट कळू लागायच्या आत या दोन्ही राजांचे देश ओस पडतील.

या खुणेला मुदत आहे, आणि ती काही वर्षांचीच आहे. आपल्या प्रवचनांतून नेमका हाच भाग गळून जातो. घडलेही तसेच. इ.स.पूर्व 732 मध्ये अश्शूरने दिमिष्क घेतले आणि पुढे दहा वर्षांनी शोमरोनही पडले.

आता प्रश्न सरळ आहे. खूण जर फक्त सातशे वर्षांनंतरच्या जन्माची असेल, तर तळ्याकाठी उभ्या असलेल्या आहाजाला तिचा उपयोग काय? हा प्रश्न आधुनिक शंकेखोरांनी काढलेला नाही. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरने आपला यहुदी विद्वान ट्रायफोशी झालेला संवाद लिहून ठेवला. त्यात ट्रायफो म्हणतो की हे वचन आहाजाच्या मुलाबद्दल, हिज्कीयाबद्दल आहे. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी हे मूल यशयाच्याच घरचे मानतो. आठव्या अध्यायात यशयाच्या आणखी एका मुलाला जवळजवळ अशीच मुदत जोडलेली आहे, त्यामुळे राशीचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. मूळ हिब्रूत आईसाठी ‘तरुण स्त्री’ असा शब्द आहे आणि जुन्या ग्रीक भाषांतरात ‘कुमारी’. या शब्दावर दोन हजार वर्षे वाद चालला आहे. मला वाटते, त्या वादाने आपले लक्ष तळ्याकाठच्या राजावरून उडवले.

मग मत्तय चुकला का? मुळीच नाही. मत्तयाची वाचण्याची रीत त्याच्याच दुसऱ्या अध्यायात दिसते. बाळ येशूला घेऊन योसेफ मिसरात जाऊन राहतो तेव्हा मत्तय होशेयाच्या अकराव्या अध्यायाचा दाखला देतो. होशेयाचे ते वाक्य उघडून पाहा. त्यात भविष्य सांगितलेलेच नाही. इस्राएल मिसरातून बाहेर आले, त्या जुन्या घटनेची ती आठवण आहे. मत्तयाला हे माहीत नव्हते असे कोण म्हणेल? हिब्रू शास्त्रात वाढलेला तो माणूस येशूच्या आयुष्यात इस्राएलाची सगळी कहाणी पुन्हा घडताना पाहतो. आहाजाला मिळालेल्या खुणेचेही त्याने तेच केले. देव आपल्याबरोबर आहे, हा त्या खुणेचा गाभा त्याला येशूच्या जन्मात भरून वाहताना दिसला. यात पहिला अर्थ पुसला जात नाही. पहिला अर्थ खोटा असता तर दुसऱ्याला उभे राहायला जमीनच उरली नसती.

आपल्याकडे वचने सुटी करून वाचण्याची रीत कशी रुजली, यालाही इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे झाले आणि तिथून काम शिरूरपर्यंत आले. त्या शतकातल्या धर्मवादांत पूर्ण झालेली भविष्ये हा ख्रिस्ती बाजूचा ठरलेला पुरावा असे. पुराव्यासाठी वचनांची यादी करावी लागते आणि यादीत संदर्भ मावत नाही. ती माणसे प्रामाणिक होती, त्यांनी शाळा काढल्या, दुष्काळात धान्य वाटले. पण वादासाठी घडवलेले हत्यार आपण उपासनेत तसेच वापरत राहिलो.

याच भागात दुसरी रीतही होती, आणि ती आपल्या अगदी जवळची आहे. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरले की केडगाव येते. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, आणि ते भाषांतर थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी लहानपणापासून संस्कृत पाठांतरात वाढलेली ही विदुषी पिकत्या वयात, हजारभर मुली-बायकांचा संसार सांभाळत, हिब्रू शिकली. आधीच्या मराठी बायबलमधले संस्कृतप्रचुर शब्द तिला खटकत. त्या शब्दांबरोबर वेदान्ताचे अर्थ चिकटून येतात आणि खेड्यातल्या बाईला ते कळतही नाहीत, असे तिचे मत होते.

रमाबाईंच्या प्रश्नांची सुरुवात मात्र केडगावच्या आधीची. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर लगेचच सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील उपलब्ध आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीपासूनचा जन्म, चर्चने ठरवलेले विश्वासाचे मसुदे, या सगळ्यांवर त्यांनी प्रश्न विचारले. शास्त्रात दाखवा, एवढेच त्यांचे मागणे होते. एक धर्मसत्ता सोडून आल्यावर दुसऱ्या धर्मसत्तेपुढे डोळे मिटून मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांचा विश्वास अधिक गाढ झाला, काही शंका मिटल्या. पण मूळ शास्त्रापर्यंत स्वतः जाण्याची त्यांची धडपड थांबली नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. 1924 साली ते पूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचे काम तिथल्या बायकांनी केले. दौंड तालुक्यातल्या ख्रिस्ती माणसाला हिब्रू शास्त्र परके वाटावे, याचे म्हणूनच मला फार वाईट वाटते.

आणि हिब्रू शास्त्र ज्यांचे, ती माणसेही मराठीच बोलत आली. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. जॉन विल्सन यांनी 1832 साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. 1874 साली तर पुण्यातच वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. हा समाज मलिद्याच्या विधीत पोहे, खोबरे, फळे मांडून एलीया संदेष्ट्याची आठवण करतो. एलीया मशीहाच्या आधी येणार, ही यहुदी लोकांची जुनी आशा.

ही आशा मलाखीच्या शेवटी आहे, आणि आपला जुना करार तिथेच संपतो. पान उलटले की मत्तय. हिब्रू शास्त्राची मांडणी वेगळी आहे. तीच पुस्तके तिथे चोवीस म्हणून मोजतात. मलाखी मध्ये कुठेतरी येतो आणि शेवट होतो इतिहासाच्या पुस्तकाने, म्हणजे पारसाचा राजा कोरेश बंदिवानांना यरुशलेमला परत जायची मोकळीक देतो तिथे. याच परक्या राजाला यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. मशीहा म्हणजे अभिषिक्तच. एका मांडणीत वाचक एलीयाची वाट पाहत थांबतो, दुसरीत घरी परतायला निघतो. मशीहाची आशा दोन्हीकडे आहे, पण तिचा रंग निराळा. आपण एकच रंग पाहिला आणि यहुदी माणसाला तो दिसत नाही म्हणून त्याला आंधळा ठरवले, हा अन्याय आहे आणि तो व्यासपीठावरून अजूनही होतो.

एक इशाराही द्यायला हवा. मुळांकडे परतायचे म्हणून नावे बदलणे, खांद्यावर यहुदी प्रार्थनावस्त्र घेणे, सण पाळले नाहीत तर तारण नाही असे सांगणे, हे हिब्रू शास्त्राचे वाचन नव्हे. अन्यजातीय विश्वासणाऱ्यांवर हे ओझे घालू नये, हा निर्णय यरुशलेमच्या सभेत, तोही यहुदी प्रेषितांनीच, घेतला होता. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय त्यासाठी पुरेसा आहे. येशूला मशीहा मानणाऱ्या यहुदी लोकांनी आपले सण पाळले तर तो त्यांचा वारसा. आपल्याला त्यांच्याकडून पेहराव घ्यायची गरज नाही, अध्याय सलग वाचण्याची शिस्त घ्यावी.

पुढच्या आठवड्यात यशयाचा त्रेपन्नावा अध्याय घेणार आहोत, दुःख सोसणाऱ्या सेवकाचा. त्याआधी तुम्हाला एक विनंती आहे. सातव्या अध्यायापासून बाराव्यापर्यंत एका बैठकीत, मोठ्याने, घरातल्या सगळ्यांना ऐकू येईल असे वाचा. मधे मत्तय उघडू नका. आहाजाला काय ऐकू आले असेल ते लिहून ठेवा, आणि वहीतले ते पान पुढच्या रविवारी आपल्या पाळकांना दाखवा.