हृदयावरचा वाढता बोजा

गेल्या मार्चअखेरीच्या धामधुमीत आमच्या शाखेत आरोग्य तपासणी शिबिर झाले. काहीच त्रास नसल्याने मी टाळत होतो. वरिष्ठांनी आग्रहाने बसवले. रक्तदाब निघाला १५६/९८. पुढील आठवड्यात दोनदा मोजला, आकडा फारसा हलला नाही.

हृदयाची डावी जवनिका दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून रक्त महारोहिणीत ढकलते. रोहिण्यांतील दाब कायम चढा असेल, तर हेच काम तिला अधिक जोराने करावे लागते. व्यायामाने दंड भरावेत तशी तिची भिंत जाड होते. पण ही जाडी बळाची नव्हे. अशी भिंत ताठरते, दोन ठोक्यांमध्ये नीट सैल होत नाही. तिला रक्तही अधिक लागते, आणि ते पुरवणाऱ्या रोहिण्या त्याच दाबाने अरुंद होऊ लागलेल्या असतात. अखेर हृदय थकते. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता व हृदय मोठे झाले होते. डिजिटॅलिस, कमी मीठ आणि विश्रांती, याहून फारसे काही हाती नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

आज परिणामकारक गोळ्या सहज मिळतात. दाब आटोक्यात राहिल्यास जाड झालेली भिंत काही अंशी पूर्ववतही होते. माझ्या इको तपासणीत ती किंचित जाड आढळली. गोळी नियमित सुरू आहे. पापड-लोणचे सुटले, ते मात्र अजून जड जाते.